तीनदा विचारायचं

मगदूम सर आले आणि चहाला नको म्हणाले, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. मगदूम सरांनी चहाला नको म्हटल्याचं आमच्या गुरुकृपा कॉलनीत कुणी ऐकलेलं नव्हतं. हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर, कॉलनीचे अध्यक्ष, आणि दिवसाकाठी सहा घरांत सहा कप पिणारा माणूस. त्या सोमवारी संध्याकाळी मात्र ते खुर्चीच्या टोकावर टेकले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "शेवाळे, ओढ्याजवळच्या हँडलची किल्ली अजून तुमच्याकडं आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. "ऑफिसात जमा करायची राहिलीय."

"राहिली ते बरंच झालं."

छत्तीस वर्षं मी वायरमन होतो. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. कॉलनीच्या तोंडाशी, ओढ्याकडेच्या खांबावर एक लोखंडी हँडल होतं, त्याला कुलूप. ते खाली ओढलं की आमच्या डीपीला, म्हणजे कॉलनीच्या ट्रान्सफॉर्मरला, येणारी लाईन बंद. म्हणजे कॉलनीतली आठ घरं आणि पाटणकरांची बिल्डिंग अंधारात. बाकी गावाला पत्ताही लागायचा नाही.

सर पुढं काही बोलणार एवढ्यात पाटणकरांच्या बिल्डिंगवरून आवाज सुरू झाला. आधी छातीत धडधडल्यासारखं व्हायचं, मग मांडणीवरचे स्टीलचे डबे एकमेकांवर आपटून थरथरायला लागायचे, आणि गाणं आहे हे सगळ्यात शेवटी कळायचं. आतल्या खोलीत माझी नात किंचाळली.

नात अठरा दिवसांची होती. रोहिणी, माझी मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि आठव्या महिन्यातच मोकळी झाली. पोरगी पावणेदोन किलोची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला औषध एकच, झोप. आणि ही प्रत्येक ठोक्याला दोन्ही मुठी वर करून दचकायची, दूध ओढता ओढता सोडून द्यायची. त्या आठवड्यात तिचं वजन वाढायच्या ऐवजी साठ ग्रॅमनं उतरलं होतं.

गावाबाहेर इंजिनिअरिंग कॉलेज झालं आणि पाटणकरांनी मोकळ्या प्लॉटवर तीन मजले चढवून पोरं ठेवली. तीसेक पोरं. वाढदिवस, निकाल, सबमिशन, कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, सगळ्याला पार्टी. पोलीस येऊन गेले. जीप वळणावर पोचायच्या आत साउंड पुन्हा चालू. प्राचार्य म्हणाले, आवाराबाहेरचं आमच्याकडं येत नाही. पाटणकर पुण्यात, फोन उचलायचे नाहीत.

"चोरी नाही, मारामारी नाही," सर म्हणाले. "लाईट गेली. आपल्याकडं जातेच की. एकदा दोनदा पार्टीचा विचका झाला की पोरं आपोआप दुसरी जागा बघतील. आपण सगळे मेणबत्त्या लावून बसू. कुणीही चकार शब्द काढणार नाही, ही माझी जबाबदारी."

शालन, माझी बायको, दारात उभी होती. "आवो, नगा," ती म्हणाली. "छत्तीस वर्सांत परवानगीबिगर हात न्हाई लावला त्या हँडलाला. आता कशापायी?"

"आत ऐक जरा," मी म्हणालो.

आत नात रडत होती. रडणं म्हणावं एवढाही आवाज नव्हता त्याला. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. मी उठलो आणि खुंटीवरच्या जुन्या खाकी शर्टाच्या खिशातून किल्ली काढली.

मंगळवारी संध्याकाळी साउंड सुरू झाल्यावर पाच मिनिटांत मी हँडल ओढलं. जी शांतता पसरली ती अजून कानात आहे. ओढ्याकाठच्या रातकिड्यांचा आवाज मी वर्षभरानं ऐकत होतो. पोरांनी गच्चीवरून आरडाओरडा केला, शिट्ट्या मारल्या, आणि तासाभरात पांगली. आठही घरांतली माणसं अंगणात खुर्च्या टाकून बसली होती, एकमेकांकडं बघून गालातल्या गालात हसत. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन घरांतून आमच्याकडं वाटीभर काहीबाही आलं. खांबावर चढून मरमर मेलो तेव्हा कुणी खोबऱ्याची वडी आणून दिली नव्हती. मी फुगलो.

गुरुवारी पुन्हा तेच.

शुक्रवारी दुपारी पीयूष आला.

पीयूष ढोके. यवतमाळकडचा, इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला. किडकिडीत, चष्मा, पायात कायम स्लिपर. त्या बिल्डिंगीतलं हे एकच पोरगं आम्हाला नावानं माहीत होतं, कारण दोन महिन्यांपूर्वी शालन गॅसचं सिलिंडर फाटकातून ओढत होती तेव्हा यानं पळत येऊन ते उचलून आत ठेवलं होतं. पार्ट्यांतही हाच पुढं असायचा म्हणा. साउंडच्या वायरी जोडायचं काम त्याचं.

"काका, मोटरसायकलची चेन सैल झाली. पाना देता काय?"

मी माझा पाना दिला. दांड्यावर मी खिळ्यानं 'सो. शे.' असं कोरलेलं होतं, सोपान शेवाळे. तो घेऊन गेला नाही, पायरीवरच बसला.

"काका, आमची पार्टी असली की लाईट काहून जाते हो?"

"लोड," मी म्हणालो. "तुमचे ते डबडे लावता ना मोठाले."

"हाव, पण लोडनं गेली तर फ्यूज उडेल. इथं तर सगळंच जाते. आनं मागच्या गल्लीत असते."

"वरून, उपकेंद्रातनंच जाते," मी म्हणालो. "आपली लाईन वेगळी, जुनी आहे, वरूनच तुटते."

त्यानं मान डोलावली. मी वायरमन होतो, तो शिकत होता. माझ्या शब्दावर शंका घ्यायचं त्याला सुचलं नाही.

तेवढ्यात आतल्या खोलीतला पंखा अडखळला. थांबला, घुर्र करून पुन्हा फिरला. एप्रिलचे दिवस, पत्र्याखालची खोली. बाळानं कुरकुर केली.

"हे काय आहे?" पीयूषनं विचारलं.

"डीपीच्या डब्यात आमच्या फेजचा नट सैल झालाय. ऑफिसात दोनदा सांगितलं. येतो म्हणतात, येत नाहीत."

"तुम्ही नाही करू शकत?"

"चालू डब्यात? मला दुसरा जन्म नको इतक्यात. वरून लाईट गेलेली असली तर दोन मिनिटांचं काम." मंगळवारी-गुरुवारी लाईन मीच बंद केली होती, पण बिल्डिंगीमागं पोरांच्या डोळ्यांदेखत डबा उघडायची सोय नव्हती.

मग त्यानं कामाचं विचारायला सुरुवात केली आणि माझी जीभ सुटली. रिटायर माणसाला कुणी कामाचं विचारलं की त्याला थांबवणं अवघड असतं. मी त्याला आमच्या रज्जाक मिस्त्रींचं सांगितलं. त्यांनी मला खांबावर चढवलं, आणि चढवायच्या आधी एक नियम घोकून घेतला. हात घालायच्या आधी टेस्टर लावायचाच, पण त्यावर विसंबायचं नाही. ज्यानं लाईन बंद केली त्या जबाबदार माणसाला विचारायचं, लाईन गेलीय का. आणि तीनदा विचारायचं.

"तीनदा काहून?"

"मिस्त्री म्हणायचे, पहिल्या वेळी माणूस सवयीनं हो म्हणतो. दुसऱ्या वेळी चिडून. तिसऱ्या वेळी विचार करून सांगतो. तिसरं उत्तर धरायचं."

पीयूष हसला. "आनं लाईन चालू करताना?"

"माणसं मोजायची. खांबावर किती चढली, खाली किती उतरली. मोजल्याशिवाय हँडल वर करायचं नाही. आमच्या बॅचचा नामदेव गेला तो एका माणसाची मोजणी चुकली म्हणून."

"भारी आहे हे काका. हे आमच्या पुस्तकात नाही," तो म्हणाला आणि पाना घेऊन गेला. जाताना खिडकीतून पाळण्याकडं बघून त्यानं वाकुल्या दाखवल्या. अठरा दिवसांच्या पोरीला काय कळणार होतं. बावीस दिवसांची झाली होती म्हणा तोवर.

शनिवारी त्यांचं सबमिशन संपलं. दुपारी चारलाच टेम्पोतून दोन काळी खोकी आली, माणसाच्या उंचीची. बाहेरची पोरं दुचाक्यांवर यायला लागली. मगदूम सर फाटकाशी येऊन एवढंच म्हणाले, "आज लवकर, शेवाळे." साडेसहाला साउंड सुरू झाला तो असा, की आमच्या देव्हाऱ्यातली घंटी आपोआप किणकिणली. नातीनं पिता पिता सगळं दूध उलटून टाकलं. रोहिणी तिला छातीशी धरून रडायला लागली, "आबा, काहीतरी करा हो."

पावणेसातला मी हँडल ओढलं. कुलूप तसंच उघडं लटकवून घरी आलो.

दिवेलागणीची वेळ. शालननं निरांजन लावलं होतं. मी चप्पल काढतोय तोवर फाटक वाजलं. पीयूष. घामानं शर्ट चिकटलेला, डोळे थोडे लाल, तोंडाला बिअरचा वास. पण शुद्धीत होता, अगदी व्यवस्थित.

"काका, लाईट वरूनच गेली ना?"

"वरूनच," मी म्हणालो.

तो हलला नाही. "नक्की वरून ना काका?"

"अरे, सांगतोय ना एकदा! वरूनच गेलीय."

त्यानं चष्मा वर सरकवला. माझ्याकडं नीट बघितलं आणि प्रत्येक शब्द सुटा करून विचारलं, "वरून गेली, आनं डीपीत काहीच येत नाही. बरोबर?"

मला वाटलं, पोरगं मला पकडतंय. याला संशय आलाय, आणि उलटतपासणी चाललीय. मी आवाज चढवला. "छत्तीस वर्षं खांबावर काढलीत मी! मला शिकवतोस? दीड तास येत नाही लाईट. जा, बसा गप आता."

"दीड तास," तो म्हणाला. "बस झालं काका. थँक्यू." आणि स्लिपर फटफटवत पळत गेला.

शालन निरांजनाशी तशीच उभी होती. "त्यानं तीनदा का वो इचारलं?"

"संशय आलाय त्याला."

"संशय आलेलं माणूस थँक्यू म्हणंल व्हय?"

मी अंगणात जाऊन बसलो. पाटणकरांच्या गच्चीवर पोरं अंधारात टाळ्या वाजवत गाणी म्हणत होती. मग तेही थांबलं. दुचाक्या एकेक करून सुरू झाल्या आणि हायवेच्या ढाब्याकडं गेल्या. आत बाळाची चिडचिड वाढत चालली होती. पत्रा दिवसभर तापलेला, पंखा बंद. रोहिणी पदरानं वारा घालत होती. "आबा, ही घामानं निथळायला लागली," ती म्हणाली.

मोबाईल वाजला. मगदूम सर. "शेवाळे, जिंकलो! सगळे ढाब्यावर गेले. खोकी गुंडाळली. चढवा आता, बातम्या लागतील."

मी घड्याळ बघितलं. सात वीस. दीड तास म्हणालो होतो, पस्तीस मिनिटं झाली होती. म्हटलं, लाईट लवकर आली म्हणून कुणी भांडायला येत नाही.

ओढ्याकडं जाताना मी शीळ घालत होतो, हे मला चांगलं आठवतं. कुलूप बाजूला केलं. हँडल दोन्ही हातांनी धरलं. छत्तीस वर्षांत हँडल वर करायच्या आधी मी दर वेळी थांबलोय, मान वळवून मागं बघितलंय, तोंडानं मोजलंय. त्या दिवशी मोजायला होतं कोण? कुणी कामावर नव्हतंच. मी हँडल वर केलं.

कॉलनीत दिवे लागले. कुठल्यातरी अंगणातून "आली!" असा आवाज आला, कुणी टाळी वाजवली. आणि पाटणकरांच्या बिल्डिंगीच्या मागून, जिथं डीपी आहे तिथून, एक पोरगं ओरडलं. शब्द नव्हता त्यात. तसला आवाज मी नामदेवच्या वेळी ऐकला होता. माझ्या हातांनी मला न विचारता हँडल पुन्हा खाली ओढलं.

मी धावलो. डब्याचं झाकण उघडं होतं. मोबाईलचा उजेड धरायला आलेलं पोरगं भिंतीला पाठ लावून उभं होतं. पीयूष उताणा पडला होता, एक स्लिपर पायात, एक लांब. चष्मा तसाच डोळ्यांवर. उजव्या हाताशी माझा पाना.

"तुमच्या फेजचाच नट होता काका," ते पोरगं मला सांगत होतं, पुन्हा पुन्हा. "आवळून झाला होता. तो म्हणाला काकांना विचारून आलोय, तीनदा विचारून आलोय. दीड तास आहे म्हणाला."

मी छाती दाबली, तोंडात फुंकलं, आम्हाला शिकवलेलं सगळं केलं. मगदूम सरांची मारुती आली, बिल्डिंगीत उरलेल्या पोरांनी त्याला मागं आडवा घातला आणि गाडी गेली. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर मी डब्याचं झाकण लावलं. ओढ्याकडं चालत गेलो, हँडल वर चढवलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. या वेळी मी माणसं मोजली.

घरी आलो तेव्हा पाळण्यावरचा पंखा फिरत होता. एकदाही न अडखळता. नात गाढ झोपली होती. शालननं माझ्याकडं बघितलं आणि तोंडात पदर कोंबला.

तालुक्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला होता.

सकाळी पंचनामा झाला. ऑफिसच्या साहेबांनी उपकेंद्राची वही आणली होती. वहीप्रमाणे काल संध्याकाळी लाईन एक मिनिटही बंद नव्हती. पोरं ओरडून सांगत होती, लाईट गेली होती, आम्ही अंधारात होतो. हवालदारानं एकेकाचं तोंड हुंगल्यासारखं केलं आणि आमच्याकडं वळला.

मगदूम सर पुढं झाले. टोपी नीट बसवली. "लाईट? नाही बुवा. आमच्याकडं गेली नव्हती."

मग त्यांच्या शेजारचे. मग त्यांच्या समोरचे. कुणी ठरवलेलं नव्हतं, पण शाळेत हजेरी घेतल्यासारखं एकामागून एक सगळे म्हणाले, गेली नव्हती. माझी पाळी आठवी होती. शालन खिडकीच्या गजांमागं उभी होती. आत नातीला नुकतीच दुसरी झोप लागली होती.

"तो पोरगा तुमच्याकडं विचारायला आला होता म्हणतात?"

"आला होता," मी म्हणालो. "प्यायलेला होता. काहीतरी बडबडत होता. लाईट गेली नव्हती."

हवालदारानं लिहून घेतलं, 'नशेत चालू डीपीत हात घातला.'

पाचव्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. पन्नाशीचा माणूस, पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. पायात चपला होत्या त्या त्यानं फाटकाबाहेर काढल्या. मी बसा म्हणालो, तो बसला नाही.

"मी पीयूषचा बाप," तो म्हणाला. "हे तुमचं होय म्हणे."

कागदात पाना होता. पुसून, तेल लावून आणलेला.

"त्यानं शुक्रवारी आईले फोन केला होता. म्हणे वायरमन काकाचा पाना आणला, वापस करा लागते. म्हणे काकाच्या नातीचा पंखा बंद पडते, तेवढं काम करून देतो, मंग ते आमच्यावर चिडणार नाहीत." त्यानं खिशाचं पेन सरळ केलं. "भाऊ, ही पोरं सांगून रायली का लाईट गेली होती. इथले लोक म्हंतात नव्हती गेली. तुम्ही वायरमन. तुमाले खरं माहीत. माया पोरगा चालू डब्यात हात घालन, इतका येडा होता का? लाईट गेली होती का नव्हती?"

"नव्हती," मी म्हणालो.

ते उत्तर माझ्या तोंडातून विचार न करताच आलं. पाच दिवसांत मी ते इतक्यांदा दिलं होतं.

तो माझ्याकडं बघत राहिला. मी पाना दोन्ही हातांत धरून उभा होतो. देवाशपथ सांगतो, मी वाट बघत होतो. त्यानं आणखी एकदा विचारावं, मी चिडेन, आरडाओरडा करेन. मग तिसऱ्यांदा विचारावं. तिसऱ्या वेळी मी सांगितलं असतं. किल्ली खिशातच होती, काढून त्याच्या हातावर ठेवली असती.

आत बाळ जागं झालं आणि रडलं. त्यानं खिडकीकडं बघितलं. "बरी आहे ना पोरगी?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. त्यानं मला नमस्कार केला, बाहेर जाऊन चपला घातल्या, आणि स्टँडचा रस्ता कुठला ते शेजारच्या अंगणातल्या मगदूम सरांना विचारून निघून गेला.

बारा वर्षं झाली. पाटणकरांनी पोरं काढली, तिथं आता खताच्या पोत्यांचं गोडाऊन आहे. कॉलनीत दिवस बुडाला की पानही हलत नाही. मगदूम सर गेले. नात दर सुट्टीला येते, त्याच खोलीत त्याच पंख्याखाली झोपते. तो अजून अडखळत नाही.

फाटक वाजलं की मी अजून उठून बसतो. पोरानं तीनदा विचारलं होतं. बापानं एकदाच विचारलं.